पडदा काळा, ठेव सुरक्षित
जुन्या संगणकातील माहिती परत मिळविण्याचा एक पाठ

घरातील एखादी वस्तू जुनी झाली म्हणजे ती कोपऱ्यात जाते आणि गरज पडेपर्यंत तिची आठवण कोणाला होत नाही. संगणकाच्या बाबतीत ही विस्मृती अधिक महाग पडते. कोपऱ्यातले कपाट उघडले की आतील कागद निदान दिसतात. कोपऱ्यातला संगणक मात्र सुरूच झाला नाही, तर त्याच्या पोटात काय आहे हे कळण्याचा मार्ग बंद झाल्यासारखा वाटतो. तो मार्ग बहुधा बंद झालेला नसतो. तो कसा शोधावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

उदाहरणादाखल जबलपूरच्या नेपियर टाऊनमधील एक मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली राहिलेल्या या शहरात पुढे रेल्वे, संरक्षण खात्याचे कारखाने आणि उच्च न्यायालय यांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली. अशाच एका घरातील गृहस्थ कारखान्यातून निवृत्त झाले आणि २००४ च्या सुमारास त्यांनी हौसेने संगणक घेतला. मुदत ठेवींची यादी, विम्याचे हप्ते, घरपट्टीच्या नोंदी ते त्यात नेमाने ठेवीत. शिवाय नातेवाइकांना पत्रे धाडून, जुन्या वह्या चाळून त्यांनी घराण्याचा कुलवृत्तांत जमविला आणि तोही मराठीत टंकलिखित करून त्याच संगणकात ठेवला. छापील प्रत मात्र काढायची राहून गेली.

ते निवर्तल्यानंतर वर्षभराने पुण्याहून आलेल्या मुलीने संगणकाची कळ दाबली. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला; पडदा काळाच राहिला.

“लागला का गं?” आईने स्वयंपाकघरातून विचारले.

“चालू होतोय गं आई, पण दिसत काहीच नाही.”

“मग गेलं म्हणायचं का त्यांचं सगळं?”

दुरुस्तीच्या दुकानात विचारणा केली, तेव्हा दोन सल्ले मिळाले. पहिला, यंत्र जुने झाले, भंगारात द्यावे. दुसरा, थोड्या पैशांत विंडोज नव्याने टाकून मिळेल. हे दोन्ही सल्ले सद्भावनेचे असले तरी त्यांपैकी कोणताही मानला असता, तर आईच्या प्रश्नाचे उत्तर कायमचे ‘होय’ झाले असते.

दिवे आणि तिजोरी

बँकेच्या शाखेत दिवे गेले की काउंटरवरचे काम थांबते. म्हणून तिजोरीतील रक्कम नाहीशी झाली, असे कोणी समजत नाही. संगणकाची रचनाही अशीच आहे. मॉनिटर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, मदरबोर्ड आणि वीजपुरवठा करणारी एसएमपीएस ही पेटी म्हणजे काउंटर आणि दिवे. हार्ड डिस्क ही तिजोरी. रॅममधील मजकूर वीज जाताच पुसला जातो. हार्ड डिस्कवरील नोंद मात्र तबकडीवरील चुंबकीय खुणांच्या रूपात असल्यामुळे वीज नसतानाही टिकून राहते.

हे तत्त्व जुनेच आहे. आयबीएम कंपनीने १९५६ साली हार्ड डिस्क असलेला पहिला संगणक बाजारात आणला, तेव्हा चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्यांवर मिळून सुमारे पाच मेगाबाइट मजकूर मावत असे. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये त्याच्या लाखो पट मजकूर राहतो. पण फिरती तबकडी, तिच्यावरील चुंबकीय थर आणि वाचणारे टोक ही मूळ मांडणी तीच आहे.

यातून एक महत्त्वाचा नियम निघतो. संगणक दुरुस्त करणे आणि माहिती परत मिळविणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम फसले तरी दुसरे साधू शकते. पहिले काम घाईने केले, तर मात्र दुसरे कायमचे बिघडू शकते. कारण विंडोज नव्याने टाकताना डिस्क बहुधा फॉरमॅट केली जाते. म्हणून क्रम ठरलेला असावा: आधी माहितीची प्रत, मग दुरुस्तीचा विचार.

निदानाचा क्रम

दोष शोधताना बाहेरून आत आणि बिनखर्चाच्या उपायाकडून खर्चाच्या उपायाकडे जावे.

१. मॉनिटर. मॉनिटरचा स्वतःचा दिवा लागतो का, ते पाहावे. ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे उमटत असतील तर मॉनिटर ठीक असून संगणकाकडून चित्र येत नाही, असा अर्थ होतो. पंधरा पिनांची व्हीजीए केबल काढून, एखादी पिन वाकली नाही ना हे पाहून पुन्हा घट्ट बसवावी. शक्य असल्यास तीच केबल दुसऱ्या मॉनिटरला किंवा व्हीजीएची सोय असलेल्या टीव्हीला जोडून पाहावी.

२. केबलची जागा. काही संगणकांत मागील बाजूस मॉनिटर जोडण्याच्या दोन जागा असतात: एक मदरबोर्डवरील आणि दुसरी वेगळ्या ग्राफिक्स कार्डावरील. साफसफाईनंतर केबल चुकीच्या जागी लागली, तर यंत्र धडधाकट असूनही पडदा काळा राहतो.

३. कळफलकाची साक्ष. संगणक सुरू करून दोन-तीन मिनिटांनी नमलॉकची कळ दाबावी. तिचा दिवा कळीबरोबर लागत-विझत असेल, तर संगणक आतून काम करीत असण्याची शक्यता मोठी आहे आणि दोष केवळ चित्राच्या वाटेवर आहे.

४. वीजपुरवठा. पंखा फिरतच नसेल, तर भिंतीवरील सॉकेट, केबल आणि पेटीच्या मागील बटण तपासावे. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० व्होल्ट असे लिहिलेली छोटी सरकपट्टी असते. भारतात ती २३० वरच हवी. ही पेटी उघडण्याचा मोह टाळावा, कारण वीज काढल्यानंतरही तिच्या आत जीवघेणा विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

५. शिट्टीची भाषा. चालू होताना संगणक ‘बीप’ असा आवाज काढतो. एक लहान बीप बहुतेक यंत्रांत सर्व ठीक असल्याची खूण असते. लांब किंवा पुन्हा पुन्हा होणारे बीप रॅम अथवा ग्राफिक्स कार्डाकडे बोट दाखवितात. या खुणा बनावटीनुसार बदलतात, म्हणून मदरबोर्डची पुस्तिका पाहावी.

६. रॅम. काळ्या पडद्याचे हे नेहमीचे कारण आहे, आणि जबलपूरसारख्या शहरात ते सहज समजते. मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि उघड्या खिडक्यांतून धूळ आत येते. पाठोपाठ पावसाळ्याचा दमटपणा येतो. धूळ आणि ओल मिळून रॅमच्या पट्टीवरील धातूच्या टोकांवर थर धरतात. यासाठी वीज पूर्ण काढावी, पेटीच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी, पट्टी काढून तिची टोके साध्या खोडरबराने हलकेच पुसावीत, कोरड्या मऊ ब्रशने खाच स्वच्छ करावी आणि दोन्ही बाजूंचे चिमटे ‘टक्’ करून बसेपर्यंत पट्टी दाबावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी.

७. बटण बॅटरी. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाची तीन व्होल्टची, नाण्याच्या आकाराची बॅटरी असते. ती संपली की तारीख-वेळ मागे जाते, आणि काही यंत्रे चालू होतानाच अडखळतात. ही बॅटरी स्वस्त असते व कोठेही मिळते.

८. फुगलेले कपॅसिटर. मदरबोर्डवर उभ्या नळकांड्यांसारखे दिसणारे कपॅसिटर वरून सपाट असावेत. ते फुगले असतील किंवा त्यांतून तपकिरी द्रव पाझरला असेल, तर दोष सापडला असे समजावे. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात जगभर बनलेल्या कित्येक मदरबोर्डांत सदोष कपॅसिटर बसविले गेले होते; त्या काळातील यंत्रांत ही खूण आवर्जून पाहावी.

नेपियर टाऊनच्या घरात रॅम पुसून झाली, बॅटरी बदलून झाली, तरी पडदा काळाच राहिला. प्रोसेसरजवळचे चार कपॅसिटर फुगलेले दिसले. इथे निदान संपते. वीस वर्षांच्या मदरबोर्डवर खर्च करण्यात हशील नाही. पण तिजोरी अजून उघडायची आहे.

माहिती बाहेर काढण्याची रीत

वीज काढून हार्ड डिस्क बाहेर घ्यावी. चार स्क्रू आणि दोन जोडण्या, एवढेच तिचे बंधन असते. तिची जोडणी कोणती आहे हे पाहावे. रुंद, चपट्या पट्टीसारखी केबल आणि चाळीस पिनांची जागा असेल तर ती आयडीई. बोटभर रुंदीची केबल असेल तर साटा. २००५ पूर्वीच्या बहुतेक घरगुती यंत्रांत आयडीई डिस्क आढळते. दोन्ही प्रकारांना चालणारे यूएसबी अडॅप्टर संगणकाच्या सुट्या भागांच्या बाजारात मिळते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला बारा व्होल्टची वीज लागते आणि ती यूएसबीतून मिळत नाही; म्हणून स्वतंत्र वीजपुरवठा असलेलेच अडॅप्टर घ्यावे. आयडीई डिस्कच्या पाठीवरील जंपर ‘मास्टर’ या स्थानी ठेवावा.

यानंतर ही डिस्क चालत्या संगणकाला जोडावी. पुढील पथ्ये न चुकता पाळावीत.

पहिले पथ्य: ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असा प्रश्न पडद्यावर आला तर उत्तर नेहमी ‘नाही’. दुसरे: जुन्या डिस्कवर काहीही लिहू नये, तिच्यावरील फाइल तेथेच उघडून सेव्ह करू नये, आधी सर्व मजकूर नव्या जागी उतरवावा. तिसरे: उतरविलेल्या मजकुराची विषाणूतपासणी करूनच फाइली उघडाव्यात. चौथे: मूळ फोल्डरातील फाइलींची संख्या व एकूण आकार प्रतीशी ताडून पाहावा. रोखपाल दिवसाअखेर रोकड जुळवितो, तसेच हे आहे.

विंडोज एक्सपी असलेल्या यंत्रात घरगुती कागदपत्रे ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या फोल्डरात, वापरणाऱ्याच्या नावाखाली ‘माय डॉक्युमेंट्स’ आणि ‘डेस्कटॉप’ येथे सापडतात. नंतरच्या आवृत्त्यांत हीच जागा ‘यूझर्स’मध्ये असते. हिशेबाच्या आज्ञावलीचा मजकूर बहुधा तिच्या स्वतःच्या फोल्डरात असतो. तो फोल्डर पूर्णच उचलावा, कारण सुट्या फाइलींचा उपयोग होत नाही. फोल्डर उघडण्यास परवानगी नाही असा संदेश आला, तर तो जुन्या यंत्राच्या वापरकर्त्याच्या हक्कांमुळे असतो. नव्या संगणकाच्या व्यवस्थापक खात्यातून ती परवानगी घेता येते.

डिस्क आजारी असेल तर

जोडल्यावर डिस्कमधून नियमित ‘टक्-टक्’ असा आवाज आला, ती फिरत नसेल किंवा एकेका फाइलीला मिनिटे लागत असतील, तर ताबडतोब थांबावे. पुन्हा पुन्हा चालू करून पाहणे हीच येथील सर्वांत मोठी चूक असते. डिस्कचे वाचणारे टोक फिरत्या तबकडीपासून केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगत असते. त्याने तबकडीला खरडले की त्या ठिकाणची नोंद कायमची जाते. घरी डिस्क उघडणे हेही याच कारणाने वर्ज्य आहे. धुळीचा एक कणही पुरेसा घातक ठरतो. डिस्क मंद पण वाचण्याजोगी असेल, तर जाणकार व्यक्ती तिची संपूर्ण प्रतिमा आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेते आणि पुढील शोध त्या प्रतिमेवरच करते. ती वाचतच नसेल, तर धूळमुक्त कक्ष असलेल्या प्रयोगशाळेकडे जावे. तो खर्च मोठा असतो. तो करण्यापूर्वी आतील माहितीचे मोल घरच्यांनी शांतपणे ठरवावे.

अक्षरे आली, अर्थ येईना

नेपियर टाऊनची डिस्क सुदैवाने निरोगी निघाली. ठेवींची यादी उघडली. कुलवृत्तांताची फाइल मात्र उघडल्यावर पानभर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक कचरा दिसला. फाइल बिघडली, असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात ती शाबूत होती.

याचे कारण मराठी टंकलेखनाच्या इतिहासात आहे. नव्वदच्या दशकात आणि पुढेही बरीच वर्षे मराठी मजकूर श्री-लिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या आज्ञावल्यांतून लिहिला जाई. त्यांच्या अनेक फॉन्टांत संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमन चिन्हांचाच असे. त्या चिन्हांच्या जागी देवनागरी आकार दाखविण्याचे काम फॉन्ट करीत असे. तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर खालची रोमन चिन्हे उघडी पडतात. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे क्रमांक १९९१ सालीच मिळाले होते आणि विंडोज २००० बरोबर प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा फॉन्टही आला. तरी घरोघरी आणि छापखान्यांत जुनी पद्धत दीर्घकाळ चालू राहिली.

उपाय सोपा आहे, पण तो आधी ठाऊक असावा लागतो. जुन्या डिस्कवरील विंडोज फोल्डरात ‘फॉन्ट्स’ नावाचा फोल्डर असतो. कागदपत्रांबरोबर तोही उतरवून घ्यावा. त्यातील संबंधित फॉन्ट नव्या संगणकावर बसविला की मजकूर पूर्ववत दिसू लागतो. त्यानंतर परिवर्तक आज्ञावलीने मजकुराची युनिकोड प्रत करावी आणि जोडाक्षरे, रफार, र्‍हस्व-दीर्घ मुळाशी ताडून पाहावेत, कारण परिवर्तनात नेमक्या याच जागी चुका राहतात. मूळ फाइल मात्र तशीच जपावी. डिस्क फेकून दिल्यावर फॉन्टची आठवण झाली, तर नोंद हाती असूनही ती मुकी राहते.

ठेवींची यादी आणि बँक

संगणकात सापडलेली यादी हा ठेवीचा पुरावा नव्हे. चौकशी कोठे करावी याची ती दिशा आहे. अंतिम नोंद बँकेकडेच असते. म्हणून यादीतील प्रत्येक शाखेत मृत्यूचा दाखला व ओळखीची कागदपत्रे घेऊन जावे आणि नामनिर्देशन कोणाच्या नावे आहे ते विचारावे. यादी सापडलीच नाही, तरीही मार्ग खुंटत नाही. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या ठेवींची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. वारसांचा हक्क त्यानंतरही कायम राहतो आणि मागणी आपल्या बँकेकडेच करायची असते. अशा बेवारस ठेवींचा अनेक बँकांत एकाच ठिकाणी शोध घेता यावा, यासाठी रिझर्व्ह बँकेने १७ ऑगस्ट २०२३ रोजी ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले.

जुन्या डिस्कमध्ये पासवर्ड, पॅन कार्डाच्या प्रती, सह्यांचे नमुने असू शकतात, हेही विसरू नये. यंत्र दुरुस्तीस देताना डिस्क काढून घ्यावी. काम झाल्यावर ती टाकून द्यायची असेल, तर फाइली ‘डिलीट’ करणे पुरेसे नसते. त्याने केवळ अनुक्रमणिकेतील नाव जाते, मजकूर मागे राहतो. संपूर्ण डिस्कवर नव्याने लेखन करावे किंवा तबकड्या निकामी कराव्यात. उरलेले यंत्र १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे पोहोचेल, असे पाहावे.

दुसरी प्रत

संगणकीकरणाच्या पहिल्या काळात शाखेतील अधिकारी दिवसाचे काम संपल्यावर माहितीची प्रत घेत, आणि एक प्रत शाखेबाहेर सुरक्षित जागी ठेवण्याची शिस्त असे. त्या वेळी हे काम अनेकांना कंटाळवाणे वाटले. जबलपूरकरांना मात्र त्यामागील अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. २२ मे १९९७ च्या पहाटे ५.८ तीव्रतेच्या भूकंपाने हे शहर हादरले. त्या काही क्षणांत ज्यांची घरे पडली, त्यांचे कपाट आणि कपाटातील कागद एकाच ढिगाऱ्याखाली गेले. एकाच छपराखालच्या दोन प्रती म्हणजे फार तर दीड प्रत.

म्हणून महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकात, एक बाहेरील डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी किंवा विश्वासार्ह इंटरनेट साठ्यात. वर्षातून एकदा त्या उघडून पाहाव्यात. याला दिवसही शोधावा लागत नाही. खंडेनवमीला कितीतरी मराठी घरांत संगणकाला हळदकुंकू वाहिले जाते, फूल ठेवले जाते. त्याच दिवशी नवी प्रत घेतली, तर पूजा सार्थकी लागेल.

नेपियर टाऊनच्या घरी ठेवींचे काम चार-सहा महिन्यांत मार्गी लागले. कुलवृत्तांत वाचून, दुरुस्त करून त्याच्या प्रती काढल्या गेल्या. एक पुण्याला गेली, एक आईच्या कपाटात राहिली. वडिलांनी शेवटच्या पानावर नातवंडांची नावे लिहिली होती आणि खाली थोडी जागा मोकळी सोडली होती. आईने ती जागा दाखविली आणि म्हणाल्या, “इथे तुझ्या धाकट्याचं नाव घाल. तो झाला तेव्हा यंत्र बंद पडलं होतं.”